अर्धलीचा ढेकळ्या

जनावराची पारख मला आहे. दुसऱ्या कुणी तसं म्हणावं म्हणून मी वाट बघत बसत नाही, स्वतःच सांगून टाकते. आज माझ्या गोठ्यात बावीस गाई आहेत आणि त्यातली एकही मी कुणाला विचारून घेतलेली नाही. लोक म्हणतात, पारख बापाकडून आली. निम्मी आली, खोटं कशाला बोलू. उरलेली निम्मी मी आठवीत असताना एका व्हिडिओगेममधून शिकले असं सांगितलं की लोक हसतात. हसू देत.

यंदा उन्हाळ्यात घराला रंग द्यायचा म्हणून माळ्यावरची पत्र्याची पेटी खाली उतरवली. वर आईनं विणलेला स्वेटर, मग शाळेची प्रमाणपत्रं, आणि तळाशी फडक्यात गुंडाळलेला तो गेम. राखाडी रंगाचा, तळहातापेक्षा थोडा मोठा, पडदा आगपेटीपेक्षा जरा मोठा. त्याच्याशेजारी सुतळीनं बांधलेली काळ्या वायरची गुंडाळी. गेम दिसल्यावर मला आनंद झाला, पण वायर दिसल्यावर मी तिथंच पायरीवर बसले. "दोन सेल आणा रे कुणीतरी," म्हणून ओरडले. कुणी आणले नाहीत, तेव्हा उठून स्वतःच दुकानात गेले. सेल घातल्यावर काय झालं ते सांगतेच, पण त्याआधी ढेकळ्याची गोष्ट सांगायला हवी.

नव्वदचं दशक संपायला वर्षभर उरलं होतं. पुणतांब्यात तोवर व्हिडिओगेम म्हणजे जत्रेत मिळणारा तो विटा पाडायचा खेळ. माझा मामा मालवाहू जहाजावर आचारी होता. सुट्टीवर आला तेव्हा त्यानं हा गेम स्वतःसाठी म्हणून आणलेला, पण दोन दिवसांत वैतागून माझ्या हातात दिला. "मला काय उमगंना, बाय. तूच बघ. तू हुशार हायेस." मी हुशार होतेच. तरी सगळं इंग्रजीत असल्यामुळं शब्दकोश मांडीवर घेऊन बसावं लागलं, आणि गेम नक्की कशाचा आहे हे कळायला आठवडा गेला.

कळल्यावर मात्र मी जागची हलेना. खेळ असा होता की आपण एक पोर. घरातून निघायचं आणि रानोमाळ हिंडायचं. गवतातून चालताना एखादं विचित्र जनावर समोर येतं. त्याला दमवायचं, चेंडू फेकायचा, सापडलं की आपलं. मग त्याला वाढवायचं. ठरावीक वयाला आलं की ते रूप बदलतं आणि मोठं होतं. सोबत सहाच ठेवता येतात, बाकीची एका कॉम्प्युटरच्या कोठीत जाऊन पडतात. गावोगावी एकेक पैलवान बसलेला असतो, त्याला हरवलं की बिल्ला मिळतो. दीडशेच्या वर जातीची जनावरं आणि सगळी गोळा करायची. आमच्या घरात हे सांगायला लागलं असतं तर एका वाक्यात सांगता आलं असतं: हा बाजार आहे.

माझ्या वडिलांना आम्ही अण्णा म्हणायचो. शेती होती, पण पंचक्रोशीत त्यांचं नाव होतं ते बैलांसाठी. कोपरगावापासून घोडेगावच्या बाजारापर्यंत कुणालाही बैल घ्यायचा असला की अण्णांना सोबत न्यायचे. दात बघून वय सांगायचे, चालताना मागचं पाऊल कुठं पडतं ते बघून स्वभाव सांगायचे. एकदा आमच्याकडचा तांबडा बैल म्हातारपणानं मेला. अण्णांनी पहिलं काम काय केलं, तर सायकल काढली आणि कोपरगावच्या पलीकडं, जिथून तो खोंड असताना आणला होता त्या माणसाच्या घरी गेले. बारा वर्षं झाली होती. "त्याच्या दारात जल्मला, त्याला कळाया नको व्हय?" एवढंच म्हणाले. संध्याकाळी तोच माणूस अण्णांच्या सायकलवर डबलसीट बसून आमच्याकडे आला आणि मोकळ्या खुंट्यापाशी दोघं अंधार पडेपर्यंत बसून राहिले.

तर अशा घरात मी तो गेम खेळत होते, आणि त्यात एक चूक करत होते, जी दुसऱ्या कुठल्या घरातल्या पोरीनं केली नसती. कोठीतल्या जनावरांना वैरण कोण घालतं याची मला काळजी लागली. सोबतची सहा माझ्यासमोर आहेत, त्यांचं ठीक. पण ती कोठीतली वीस? मग मी रोज कॉम्प्युटरपाशी जाऊन पाळीपाळीनं सगळ्यांना बाहेर काढायचे, गवतातून एक फेरी मारून आणायचे आणि परत ठेवायचे. निम्मा वेळ त्यातच जायचा. कुणालाच जास्त अनुभव मिळेना, त्यामुळं माझी सगळी जनावरं सारखीच बेताची राहिली. सगळ्यांना सारखं वागवलं की असंच होतं, हे मी अजूनही अंगणवाडीच्या बाईंना सांगते आणि त्या माझ्याशी भांडतात.

अण्णांनी एकदा चष्मा कपाळावर चढवून पडदा बघितला.

"हे कोन?"

"ढेकळ्या. गुहेत सापडला. माझा सगळ्यात पयला धरलेला."

"दात किती?"

"दात नसत्यात अण्णा याला. आकडा असतो. सव्वीस."

"खातं काय?"

"काय न्हाई."

"मग जनावर कसलं ते," असं म्हणून ते उठले, पण दाराशी जाऊन वळले. "छाती चांगली हाय मात्र."

छाती चांगलीच होती. ढेकळ्या म्हणजे नांगरटीनंतरचं एखादं ढेकूळ उठून चालायला लागावं तसा. मामानं सुरुवातीला निवडलेलं एक जनावर माझ्याकडे आधीपासून होतं, पण ते मिळालेलं. ढेकळ्याला मी स्वतः धरला होता, शेवटच्या चेंडूवर, तळहाताला घाम आलेला असताना. इंग्रजीत आठ अक्षरं टिपून मी त्याचं नाव ठेवलं. कोठीत ठेवायची पाळी यायची तेव्हा मी त्याला वगळायचे. सगळ्यांना सारखं वागवायचे म्हणाले ना, ते त्याला सोडून.

शाळेसाठी मी सकाळच्या पॅसेंजरनं श्रीरामपूरला जायचे. एकदा इतिहासाच्या तासाला वहीच्या शेवटच्या पानावर त्या गुहेचा नकाशा काढत बसले होते. सारख्या एकाच जागी येऊन अडकत होते. शेजारच्या बाकावरची मुलगी पुस्तकाआडून म्हणाली, "उजवीकडं जिना आहे. दगडामागं. दिसत नाही पटकन."

मला काय वाटलं ते मी सरळ सांगते. मला राग आला. या जगात हा गेम फक्त माझ्याकडे आहे असं मी धरून चालले होते.

ती मुलगी श्रीरामपूरचीच. आई दवाखान्यात नर्स, वडील कुवेतला. तिच्याकडेही हाच गेम होता आणि शिवाय एक वस्तू होती जी मी बघितलीही नव्हती. काळी वायर, हातभर लांब. दोन गेम त्या वायरनं जोडायचे आणि एकाचं जनावर दुसऱ्याकडे पाठवायचं, बदल्यात त्याचं एक घ्यायचं. एकास एक, त्यापेक्षा कमी नाही, जास्त नाही. आठवड्याभरात माझा राग गेला आणि मधल्या सुट्टीत आम्ही दोघी भिंतीला टेकून एकमेकींचा डबा खात जनावरांबद्दल बोलायला लागलो. मास्तरांना वाटायचं मुली अभ्यासाचं बोलतात, कारण आम्ही सारखे आकडे सांगत असायचो.

तिनंच मला ते सांगितलं. कुवेतहून तिच्या वडिलांनी पत्रातून कळवलं होतं की काही जाती नुसत्या अनुभवानं पुरत्या मोठ्या होत नाहीत. त्यांना एकदा वायरीतून दुसऱ्याच्या गेममध्ये जावं लागतं. तिथं पोचलं की रूप बदलतं. ढेकळ्याची जात त्यातली होती.

"एक मिनिटाचं काम आहे," ती म्हणाली. "तू मला पाठव, तो मोठा होईल, मी लगेच परत पाठवते."

मी तीन आठवडे नाही म्हटलं. तिला वाटलं मी तिच्यावर विश्वास ठेवत नाही. तसं काही नव्हतं. आमच्या गोठ्यात आडव्या वाशाला दहा-बारा दावी लटकत असायची, विकलेल्या बैलांची. बैल विकला तरी त्याचं दावं देत नाहीत, ते विकणाऱ्याच्या घरी राहतं. आणि विकलेला बैल एकदा रात्रीतून चालत आमच्या दारात परत आला, तर अण्णांनी त्याला पाणी पाजलं, भाकरी चारली, पण खुंट्याला बांधलं नाही. तसाच हाती धरून परत पोचवून आले. दिलेलं जनावर परत दावणीला बांधायचं नसतं, हे माझ्या डोक्यात पक्कं बसलेलं. ढेकळ्या एकदा माझ्या दारातून गेला की मी त्याला परत कोणत्या तोंडानं बांधणार? तो मोठा व्हावा असं फार वाटायचं, आणि तो जाईल याची तेवढीच धास्ती. मी झुरायला लागले. आईला वाटलं जंत झाले.

शेवटी अण्णांना विचारलं. ते कडबा तोडत होते. मी सगळं सांगितलं, वायर, रूप बदलणं, एक मिनिट. त्यांनी कोयता खाली ठेवला. हसले नाहीत, यासाठी मी त्यांची जन्मभर ऋणी आहे.

"इकू नको," ते म्हणाले. "अर्धलीनं दे."

अर्धल म्हणजे आमच्याकडची जुनी रीत. आपलं वासरू किंवा शेळी दुसऱ्याला सांभाळायला द्यायची. त्यानं वाढवायची. मोठी झाली की निम्मी मूळ मालकाची, निम्मी वाढवणाऱ्याची. विक्री नाही, त्यामुळं परत येण्याला बाध नाही.

"पर एक ध्यानात ठिव," अण्णा म्हणाले. "तिच्या दारात वाढला तर निम्मा तिचा. मग रडायचं न्हाई."

"एका मिनिटात वाढतो, अण्णा."

"मिनिटात वाढू न्हाईतर वर्सात. वाढला कुठं ते बघत्यात."

दुसऱ्याच दिवशी शाळा सुटल्यावर तिच्या घराच्या पायऱ्यांवर आम्ही वायर जोडली. माझ्या पडद्यावर ढेकळ्या एका नळीतून सरकत गेला. बदल्यात तिचा एक टाकाऊ उंदीर माझ्याकडे आला, त्याच्याकडे मी बघितलंही नाही. मी तिच्या खांद्यावरून वाकून तिचा पडदा बघत होते. ढेकळ्या पोचला, थरथरला, पांढरा झाला, आणि दुप्पट होऊन उभा राहिला. आम्ही दोघी एवढ्या जोरात किंचाळलो की तिची आई पळी घेऊनच बाहेर आली.

"चल, घे परत," ती बटणं दाबायला लागली.

"थांब," मी म्हणाले. "निम्मा तुझा हाय."

"काय?"

मी तिला अर्धल समजावून सांगितली. तिला ते पटेना. "अगं, मी काहीच केलं नाही! नुसती वायर लावली!"

"तुझ्या दारात वाढला का न्हाई?"

"वाढला, पण..."

"मग झालं तर."

पुढं मला वाटलं की जगभरात लाखो पोरांनी हा सौदा केला असेल आणि मिनिटात जनावर परत घेतलं असेल. अर्धल लावणारी बहुधा आम्हीच. तिची आई पळी हातात धरून हे सगळं ऐकत होती, ती म्हणाली, "बरोबर बोलतेय ती. माझ्या माहेरी शेळ्या अशाच दिलेल्या असायच्या." मग निकालच लागला. पंधरा दिवस ढेकळ्या तिच्याकडे, पंधरा दिवस माझ्याकडे. दर दुसऱ्या सोमवारी मधल्या सुट्टीत वायर लावायची.

ते चार-पाच महिने माझ्या आयुष्यातले फार चांगले गेले. गेममध्ये एक नियम आहे. जनावर कुठंही गेलं तरी त्याच्या पानावर मूळ मालकाचं नाव राहतं, ते पुसता येत नाही. आणि दुसऱ्याचं मोठं जनावर तुमचं ऐकत नाही. तुमच्याकडे पुरेसे बिल्ले असतील तरच ऐकतं. तिच्याकडे तेवढे बिल्ले नव्हते. त्यामुळं तिच्या पंधरवड्यात ढेकळ्या ऐन झुंजीत झोपून जायचा, नाहीतर तोंड फिरवून उभा राहायचा. ती चिडून सांगायची आणि मी गालातल्या गालात हसायचे.

"मालक वळखतो गं," मी म्हणायचे. "तू बिल्ले मिळव, मग ऐकंल."

"मिळवते बघ," ती म्हणायची. "मग तुला विसरेल तो."

हे ऐकलं की मात्र मी तिचे बिल्ले मनात मोजायला लागायचे. मी वरून हसायचे.

डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात तिनं सांगितलं की नाताळ झाला की ते सगळे कुवेतला जाणार. आईला तिथल्या दवाखान्यात नोकरी लागली होती. ती हे सांगत होती आणि माझ्या डोक्यात पहिला विचार काय आला, तर ढेकळ्या आत्ता तिच्याकडे आहे. मैत्रीण चालली याचं वाईट नंतर वाटलं. आधी जनावर आठवलं. मी आहे ती अशी आहे.

परत अण्णा. या वेळी ते मळ्यात उसाला पाणी देत होते.

"अर्धल मोडायची कशी?"

"ज्याच्या दावनीला हाय त्यानं मोल करायचं," ते म्हणाले. "आन् मूळ मालकानं निवडायचं. त्या मोलाला घेतो, न्हाईतर त्या मोलाला सोडतो. मोल करणाऱ्यानं चावटपणा केला तर त्याच्याच अंगलट येतं. कमी केलं तर मालक घिऊन जाईल, लई केलं तर मालक तेवढंच मागंल. म्हनून मोल सरळ व्हतं."

मला हे फार आवडलं. निवड माझ्या हातात होती. ती काहीही मोल सांगो, मी ढेकळ्या घेणार. मी हे ठरवूनच टाकलं, आणि तिला रीत समजावून सांगताना त्याचा मागमूस लागू दिला नाही. मोल पैशात करायचं नव्हतं, गेममध्ये एकास एकच चालतं, म्हणजे मोल एका जनावरात करायचं होतं. तिनं दोन दिवस मागून घेतले.

नाताळच्या दुसऱ्या दिवशी मी तिच्या घरी गेले. खोलीभर बॅगा, दोऱ्यांनी आवळलेली खोकी, आणि मधे ताटात करंज्या. तिची आई शेजाऱ्यांना भांडी वाटून टाकत होती. आम्ही त्याच पायऱ्यांवर बसलो.

"बोल," मी म्हणाले. "मोल सांग."

"पहिलं जनावर," ती म्हणाली.

मला कळेना. तिनं समजावलं. गेमच्या सुरुवातीला जे मिळतं ते, ज्याच्यासोबत आपण घरातून निघालो ते. ढेकळ्या हवा असेल तर मी माझं पहिलं तिला द्यायचं. सोडायचा असेल तर ती तिचं पहिलं मला देणार. तिच्या पहिल्याला तिनं किती वाढवलं होतं ते मला ठाऊक होतं. त्याच्याशिवाय ती एकही पैलवान हरवू शकली नसती.

"एवढं कशाला?" मी म्हणाले. "कमी सांगायचं ना."

"कमी सांगितलं असतं तर ढेकळ्याचा अपमान झाला असता," ती म्हणाली. तिनं अण्णांना आयुष्यात बघितलेलं नव्हतं, पण बोलली अगदी त्यांच्यासारखी.

मी करंजी उचलली आणि खात बसले. मला वेळ हवा होता. मोल सरळ होतं, घासाघीस करायला जागाच नव्हती. ढेकळ्या घ्यायचा असं घरून ठरवून आले होते. मामानं निवडलेलं ते पहिलं जनावर द्यायला मला काही वाटलं नसतं. तोंडातून "घेते" एवढाच शब्द काढायचा होता.

तेव्हा माझ्या डोक्यात ते मालकाच्या नावाचं आलं. ढेकळ्या घेतला तर माझ्याकडे सगळी माझ्याच नावाची जनावरं. तिच्या त्या टाकाऊ उंदराखेरीज तिचं नाव माझ्या गेममध्ये कुठंच नाही. सोडला तर तिच्या पहिल्या जनावरावर तिचं नाव लिहिलेलं आहे आणि ते माझ्याकडे राहील. आणि माझं नाव ढेकळ्याबरोबर विमानात बसून कुवेतला जाईल. मी विमान कधी जवळून बघितलंही नव्हतं.

"सोडते," मी म्हणाले.

ती माझ्याकडे बघतच राहिली. "नक्की?"

"एकदा बोलले ना. लाव वायर."

तिचं पहिलं माझ्याकडे आणि तिचा तो उंदीर परत तिच्याकडे, दोन्ही जनावरं एकाच वेळी नळीतून गेली. मग मी रडले. सांगायला लाज कसली, मी भोकाड पसरून रडले, तोंडात करंजीचं सारण असताना. तीही रडली. तिच्या आईनं एकदा डोकावून बघितलं आणि भांडी वाटायला परत गेली.

निघताना तिनं वायर गुंडाळून माझ्या दप्तरात कोंबली.

"ही तुझी हाय," मी म्हणाले.

"दावं विकणाऱ्याकडं राहतं ना?" आमच्या दाव्यांची गोष्ट मीच तिला कधीतरी सांगितली होती.

"मग तू बी इकणारीच हायेस. तुझं बी जनावर गेलं."

"असू दे," ती म्हणाली. "माझ्याकडं ठेवली तर तिथं कुणाशी तरी सौदा करीन मी. मला नाही करायचा."

कुवेतहून तिची तीन पत्रं आली. दोहोंना मी उत्तर दिलं. तिसऱ्याला दिलं नाही. दहावी होती, मग बारावी होती, मग एवढे दिवस झाले आता काय लिहायचं, असं म्हणत राहिले. कारणं सांगण्यात मी कुणाला हार जात नाही, पण खरं हे की आळस केला आणि मग ताठा आला. गेम मी फडक्यात गुंडाळून पेटीत ठेवला. दावं त्याच्याशेजारी.

आता उन्हाळ्यातल्या त्या दिवसाकडे येते. सेल घातले, बटण सरकवलं. टिंग वाजलं, सूर लागला. इतक्या वर्षांनी तोच सूर. मग जिथं "पुढं चालू" असं यायला हवं तिथं ते आलंच नाही. फक्त "नवा खेळ". तीनदा बंद-चालू केला. गेमच्या पाठीत खोचलेली, खेळ भरलेली काडी काढून फुंकून बघितली, पुसून बघितली. शेवटी मोबाईलवर वाचलं तेव्हा कळलं की त्या काडीच्या पोटात एक बटणाएवढा सेल असतो, सगळी साठवण त्याच्या जिवावर. तो संपला की सगळं गेलं. काही वर्षांनी तो बदलायचा असतो, असंही तिथं लिहिलेलं होतं. बैल गेला आणि झोपा केला, दुसरं काय.

अण्णा ऐंशीला टेकलेत. दुपारभर गोठ्यात खाटेवर पडून माझ्या गाईंना नावं ठेवत असतात. मी त्यांच्या पायाशी जाऊन बसले.

"अण्णा, त्या गेममधली जनावरं मेली."

"कंची?"

"ती वायरीची. अर्धलीची."

त्यांना आठवायला थोडा वेळ लागला. मग मान हलवली. "त्यात एक त्या पोरीचं हुतं ना? पयलं?"

"हुतं."

"मग निरोप धाडला का?"

मी खाटेची सैल दोरी ओढून घट्ट करायला लागले. बावीस गाईंची मालकीण, कुणाचं ऐकून न घेणारी, आणि बापापुढं आठवीतल्या पोरीसारखी. वाशाला ती जुनी दावी अजून लटकतात. अण्णा त्यांच्याकडे बघत होते, माझ्याकडे नाही.

तिची मावशी श्रीरामपुरात आहे हे मला माहीत होतं. माहीत होतं म्हणजे पंचवीस वर्षं माहीत होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी धारा आटोपून गेले. मावशीनं चहा दिला आणि नंबर दिला. त्याला दहा मिनिटं लागली. पंचवीस वर्षं आणि दहा मिनिटं, हिशेब माझा मलाच आवडला नाही. त्यांच्याच ओट्यावर बसून मी फोन लावला.

तिनं उचलला. मी कोण ते सांगितलं, आणि ती काही बोलायच्या आत, थांबले असते तर जमलं नसतं म्हणून, एका दमात बोलून टाकलं. "तुझं पहिलं जनावर माझ्या दावणीला गेलं. माझी चूक. मी लक्ष दिलं नाही. निरोप द्यायला फोन केलाय."



"दावं हाय ना?" ती म्हणाली. अगदी अशीच म्हणाली, माझ्यासारखं, हाय. इतकी वर्षं कुवेतला राहून.

वायर मी पिशवीत घेऊन गेले होते. का, ते मला सांगता येणार नाही. "हाय," मी म्हणाले. "हातातच हाय."

"मग पुढच्या महिन्यात मी येतेय तेव्हा काढून ठेव. ढेकळ्या आहे माझ्याकडं. आतला सेल मी वेळेवर बदलून घेतला, सुरू होतो अजून."

मग मी काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं, "आता ऐकतो का तुझं?"

"नाही," ती म्हणाली. "शेवटचे बिल्ले मी मिळवलेच नाहीत. मिळवले असते तर ऐकायला लागला असता, आणि तुला विसरला असता."